आपल्या घरातलं भांडण

तात्या,

भेटायला येणारी माणसं अजून थांबलेली नाहीत. कुणी तुमच्या दुकानाचं बोलतं, कुणी तुमच्या मोठ्या आवाजाचं. परवा शेजारच्या काकू आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "मला तर तात्या म्हनलं की गच्चीवरचे लंगोटच दिसतात." बोलून झाल्यावर त्यांना वाटलं आपण भलतंच काही बोललो. त्या पदर सावरत खाली बघायला लागल्या. पण मला हसू आलं, मग तुमच्या सतीशला आलं, आणि शेवटी काकूही हसायला लागल्या. सुतकातल्या घरात आम्ही तिघं हसत बसलो होतो. तुम्ही असता तर कोपऱ्यातून ओरडला असता, "काय झालं, मला बी सांगा की."

तेव्हा तुम्हालाच सांगायला बसले आहे.

सून म्हणून मी या घरात आले तेव्हा आपलं दोघांचं फारसं जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तुमचा स्वभाव सढळ. काही आणायचं तर दोन आणायचं, कुणाला बोलवायचं तर गल्लीच बोलवायची. माझं माहेर लिंबागणेशचं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर यायचा. आई भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरायची, त्यातच भांडी विसळायची आणि उरलेलं जास्वंदीला घालायची. आम्हाला त्यात विशेष काही वाटायचं नाही, जगायची रीतच तशी होती. पुढं मी शिकायला अंबाजोगाईला आले, प्रयोगशाळेत नोकरी लागली, लग्न झालं. आणि मुक्ता पोटात आहे असं कळल्यावर ती जुनी रीत माझ्या अंगात पुन्हा जागी झाली. मी सतीशला म्हणाले, या लेकराला आपण कमी वस्तूंत वाढवू. त्यांनी मान हलवली. ते तुमच्यासारखे बोलके नाहीत, पण एकदा मान हलवली की मागं फिरत नाहीत.

तुम्ही मात्र वाद घातला. मी लंगोट वापरायचे म्हणाले तर तुम्ही म्हणालात, "लंगोट धुवायला पानी लागतंय. नळ कवा येतोय तुला ठावं हाय. त्यापरीस त्या फेकायच्या चड्ड्या बऱ्या." तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी यायचं आणि मी लंगोटांच्या गप्पा मारत होते. शेवटी प्रवासात आणि रात्री चड्डी, दिवसा लंगोट, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माळ्यावरची पेटी खाली काढलीत. सासूबाईंची लुगडी होती तिच्यात. त्या मी या घरात यायच्या कितीतरी आधी गेल्या होत्या आणि ती पेटी तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता, हे सतीशनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. तुम्ही पेटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणालात, "ह्याचे कर. लई मऊ हायेत." मग चप्पल घालून बाहेर निघून गेलात. मी लुगडं कापायला घेतलं तेव्हा तुम्ही घरात नव्हता. मुद्दामच नव्हता, हे मला नंतर कळलं.

बारसं गावाकडं युसूफ वडगावला, तुमच्या दुकानाच्या मागच्या घरी करायचं ठरलं. तुमचं दुकान म्हणजे लग्नकार्याचं सगळं सामान. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे ग्लास, द्रोण, फुगे, झिरमिळ्या. मी म्हणाले, बारशाला मंडपवाल्याकडून स्टीलची ताटं आणू. तुम्ही हातातली हिशोबाची वही मिटलीत. मग म्हणालात, "ह्याच दुकानावर सतीश शिकला. अन् नातीच्या बारशाला ह्या दुकानाचा माल चालना व्हय?" तुमचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. प्रश्न ताटांचा राहिला नव्हता. मी स्टीलचा विषय सोडून दिला. पंगती तुमच्याच ताटांत उठल्या. मुक्ताच्या कानात नात्यातल्या आत्यांनी नाव सांगितलं, त्यांच्या पाठीत धपाटे बसले, आणि तुम्ही दारात उभं राहून प्रत्येकाला म्हणत होता, "जेवल्याबिगर जायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं. मागं ढीग करून ठेवलेली ताटं उडाली आणि सगळ्या गल्लीत, काट्याकुपाट्यांत, गफूरभाईंच्या वाड्याच्या कुंपणात जाऊन अडकली. गफूरभाई तुमचे जुने दोस्त, शेजारीच फळांचा गाडा लावणारे. तुम्ही पोतं घेऊन एकटेच ताटं वेचत फिरलात. मी बाळंतीण, मी नुसती दारातून बघत होते. तरी काही राहिलीच. काही दिवसांनी गफूरभाईंची शेळी आजारी पडली. फुगली, चारा सोडला, आणि गेली. जनावरांच्या डॉक्टरनी पोटात काय सापडलं ते सांगितलं. संध्याकाळी गफूरभाई आले आणि तुमच्याजवळ बाजेवर बसले. मग ते म्हणाले, "तुझ्या नातीचं बारसं माझ्या शेळीला पचलं न्हाई बे, तात्या."

त्या बोलण्यात राग नव्हता. पण तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत. पुढच्या बाजाराला तुम्ही त्यांच्या दारात दुसरी शेळी नेऊन बांधलीत. ते नको नको म्हणत होते, तुम्ही ऐकलं नाहीत.

आता कुणी गोष्ट सांगत असेल तर म्हणेल की इथून तात्या बदलले आणि थर्माकोल विकायचं सोडलं. तसं काही झालं नाही, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. दुकान चालूच राहिलं. मी एकदा विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्या बंद केलं तर समोरचा विकन. माल तेवढाच जानार, फक्त त्याच्या दुकानातून." मी म्हणाले, पण आपल्या हातून तरी जाणार नाही. तुम्ही म्हणालात, आपले हात धुऊन शेळी वाचत नसते. या वादाचा निकाल आपण कधी लावला नाही. मी आजही त्याचं उत्तर शोधते आहे आणि मला ते नीट सापडलेलं नाही.

पण माझी रजा संपली आणि मी कामावर जायला लागले, तेव्हा रोज सकाळीच वडगावला दुकानावर जाणारे तुम्ही दुपारनंतर जायला लागलात. सकाळ मुक्ताची. पहिल्या दिवशी मी घरी परतले तर गच्चीवर दोरीभर लंगोट वाळत होते, एका रेषेत, चिमटे लावून. मला वाटलं कामवाल्या मावशींनी धुतले. त्या म्हणाल्या, मी नाही, तात्यांनी. मला अवघडल्यासारखं झालं. मी तुम्हाला म्हणाले, राहू द्या, मी आल्यावर धुईन. तुम्ही म्हणालात, "सतीशचे त्याच्या मायनं धुतले. म्या तवा बगितले बी न्हाईत. आता बगू दे की." लंगोट धुतलेलं पाणी तुम्ही एका डब्यात साठवायचा आणि ते परसातल्या शेवग्याला जायचं. पाण्याचा वाद तुम्ही असा मिटवून टाकलात, मला न सांगता. समोरच्या घरातले एक आजोबा एकदा खालून ओरडले, "तात्या, सून काय बसून खाती का?" तुम्ही वरून सांगितलंत, "सून कामाला जाती. बसून मी खातो." काकूंच्या डोळ्यांसमोर तुम्ही जे उभे राहता ते हे असे.

पुढं एक दिवस तुम्ही दुकानात स्टीलची ताटं आणून ठेवलीत. वाट्या, पेले, मोठी पातेली. कार्याला न्या, घासून परत आणा, एवढीच अट. मी वडगावला आले तेव्हा ती रचलेली पाहिली. उजवीकडं थर्माकोल, डावीकडं स्टील, आणि मधे तुम्ही. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "हसू नको. ज्याला जे पायजे ते नेईल." लोक स्टील नेत होते. आधी गरीब घरची माणसं न्यायची, मग मोठ्या घरचीही यायला लागली, कारण तुमच्याकडची ताटं चकचकीत असायची आणि वाकडं ताट तुम्ही परत घ्यायचा नाहीत. पुढं थर्माकोलवर सरकारी बंदी आली. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता म्हणालात, "सरकार तुझ्या पार्टीचं निघालं." उजवीकडची जागा हळूहळू रिकामी झाली. तिथंही तुम्ही पातेलीच ठेवलीत. त्या दिवसापासून वाद जिंकल्याचं मी कधी बोलले नाही आणि हरल्याचं तुम्ही कधी बोलला नाहीत. बरं झालं.

सायकलची गंमत मात्र मी सगळ्यांना सांगते. मुक्ताला सायकल हवी होती. सतीशच्या मित्राच्या मुलीला लहान झालेली सायकल पडून होती, ती घेऊ, असं आम्ही ठरवलं. तुम्हाला ते अजिबात पटलं नाही. नातीला जुनी सायकल, हे तुमच्या इभ्रतीत बसणारं नव्हतं. तुम्ही दोन दिवस धुसफुसलात आणि मग ती सायकल घेऊन गायब झालात. मंडी बाजारातल्या मिस्त्रीकडं तुम्ही ती पार उघडून टाकली. नवे टायर, नवी घंटी, नवं सीट. रंग कोणता ते विचारायला मुक्ताला शाळेतून थेट तिथंच घेऊन गेलात. ती म्हणाली अर्धी हिरवी आणि अर्धी जांभळी, तर तशीच रंगवून आणलीत. दारात उभी करून मला म्हणालात, "नवी घेतली न्हाई. तुझं ऐकलंय. जुनीच हाय." त्यात नवीन सायकलीपेक्षा जास्त खर्च झाला असणार. तुम्ही आकडा सांगितला नाही आणि मी विचारला नाही. आख्ख्या अंबाजोगाईत तशी सायकल दुसरी नव्हती. गल्लीतली पोरं ती बघायला यायची. नंतर त्यांतल्या दोघांनी आपल्या जुन्या सायकली तुमच्याकडं आणल्या, आजोबा आमच्या बी रंगवून द्या म्हणून.

आपलं खरं भांडण झालं ते त्याआधी, मुक्ता बालवाडीत जायला लागली तेव्हा. तुम्ही म्हणालात, आता दुसऱ्याचा विचार करा. आम्ही दोघांनी एकच लेकरू ठरवलं होतं आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, किंवा धीर झाला नव्हता. मी त्या दिवशी सांगितलं. म्हणाले, आहे तेवढं पाणी, आहे तेवढी जागा, आमचा आहे तेवढा वेळ, सगळा हिला पुरा द्यायचा आहे. पुढं दुनिया कशी असेल ते दिसतंय आपल्याला, विहिरी कुठं गेल्या ते तुम्ही बघितलंय. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "दुनिया चांगली कवा होती, पोरी? आमच्या येळंला चांगली होती व्हय?" मग आवाज उतरला. "एकटं लेकरू लई एकटं पडतंय. सतीशला बगितलंय म्या. त्याची माय गेली तवा त्याला रडायला बी जोडीदार नव्हता."

सतीश शेजारच्या खोलीत होते. त्यांनी ते ऐकलं. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले की निर्णय दोघांचा आहे, तिला एकटीला बोलू नका.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलंत. म्हणजे पूर्ण नाही. मुक्ताला मधे घालून बोलायचा. "तुझ्या आईला म्हनावं भाकर वाढ." मुक्ता माझ्याकडं वळून म्हणायची, आई, भाकर वाढ. मी म्हणायचे, आजोबांना विचार, कोरड्यास हवंय का. आपण तिघं एकाच ताटाभोवती बसलेलो असायचो आणि ती बिचारी दोन हातांवरच्या माणसांचे निरोप पोचवत असायची. तिला तो खेळ वाटायचा. एक दिवस तिनं निरोपच बदलला. मला म्हणाली, आजोबा म्हणतात, तू छान दिसतेस. तुम्हाला ठसका लागला. त्या दिवशी बोलणं सुरू झालं, वाद मात्र तिथंच राहिला.

आणि मग केजचं ते लग्न. तुमच्या भाच्याच्या मुलाचं. बायकांच्या घोळक्यात तुमच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, मला सगळ्यांसमोर विचारलं, "एका पोरीवर कवर बसती ग? तात्याचं नाव कोन चालवनार?" बाकीच्या बायका माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. कुणी म्हणालं, शिकलेल्यांचं असंच असतंय. कुणी म्हणालं, नोकरीपायी. तुम्ही तिथून पाण्याचा पेला घेऊन चालला होता. थांबलात. मला वाटलं आता तुम्हीही त्यांच्या बाजूनं बोलाल. हक्कच होता तुमचा, मनातलं तेच होतं.

तुम्ही म्हणालात, "आक्का, ह्या गोष्टीवरनं मी रोज भांडतो तिच्याशी. पर ते आमच्या घरातलं भांडण हाय. त्यात दुसऱ्यानं बोलायचं न्हाई."

आक्का म्हणाल्या, अरे मी तुझ्याच भल्याचं बोलायले. तुम्ही म्हणालात, "माझं भलं शाळेत जातंय रोज. अन् नावाचं म्हनशील तर मुक्ता इतकं नाव घेती माझं, की सगळ्या मास्तरांना पाठ झालंय." बायका हसल्या, आक्काही हसल्या, आणि तुम्ही पेला घेऊन पुढं गेलात.

परतताना जीपमध्ये मी तुमच्या शेजारी बसले होते. काहीतरी बोलावं म्हणून तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "लई खुश होऊ नको. माझं मत तेच हाय."

तात्या, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मुक्ता गच्चीवर एकटीच भातुकली मांडून दोन आवाजांत बोलत बसायची तेव्हा मला कधी कधी वाटायचं, तात्यांचं बरोबर तर नव्हतं? निर्णय मी बदलला नसता. पण तुमचं म्हणणं मी मोडीत काढलेलं नव्हतं, ते माझ्याजवळ कायम होतं, हे तुम्हाला कळायला हवं होतं. आणि दुसरं असं, की अशा वेळी मी वर जाऊन बघायचे तर बहुतेकदा तुम्ही आधीच तिथं पोचलेले असायचा, मांडी घालून, तिच्या खोट्या चहाला फुंकर मारत. लेकरू एकटं पडतं म्हणून नुसतं भांडून तुम्ही थांबला नाहीत. तिचा जोडीदार होऊन बसलात.

शेवटच्या आजारपणात दवाखान्यात तुम्ही बरेचसे शांत होता. आपल्या भागात आता पुष्कळ घरांत राख नदीत न सोडता रानात घालतात आणि वर झाड लावतात. माझ्या मनात तुमच्यासाठी तेच होतं, वडगावच्या रानात, बांधाला. मी ते बोलले नव्हते. अशा माणसाजवळ अशी गोष्ट कशी काढायची? पण तुम्ही मला पुरतं ओळखून होता. एका दुपारी सतीश औषध आणायला गेले होते. तुम्ही खुणेनं जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "माझी राख रानात घालू नको."

मी विचारलं, कावून, तात्या?

तुम्ही म्हणालात, "सतीशची माय गंगेला गेली. मला तिच्याकडं जायचंय."

मी हो म्हणाले. एवढ्या वर्षांत तुमचं एखादं म्हणणं मी वाद न घालता ऐकलं असेल तर ते हेच. तुम्हीही जरा चकित झालात असं मला वाटलं. वाद घालायची तयारी करून ठेवली होती बहुतेक तुम्ही.

राक्षसभुवनला आम्ही सगळे गेलो. गोदावरीला, आपल्याकडच्या गंगेला, बऱ्यापैकी पाणी होतं. गफूरभाईही आले होते, काठावर थोडं लांब उभे होते. गुरुजींचं झालं, सतीश मडकं घेऊन पाण्यात उतरले. मुक्ता आता नऊ वर्षांची आहे, तीही मागोमाग उतरली, मी तिचा हात धरला होता. ती माझ्याच हाताखाली वाढलेली. मला माहीत होतं ती विचारणार, आणि तिनं विचारलं. म्हणाली, "आई, राखेनं पाणी खराब होतं ना? तूच सांगतेस."

मी म्हणाले, "हो, होतं थोडं."

"मग?"

"मग आजोबांना आजीकडं जायचंय."

ती विचारात पडली. तिनं आजीला कधी पाहिलेलं नाही, फक्त भिंतीवरचा फोटो ठाऊक आहे. थोड्या वेळानं तिनं माझा हात सोडला आणि सतीशच्या मडक्याला खालून दोन्ही हात लावले. राख पाण्यावर क्षणभर पसरून राहिली, मग प्रवाहाला लागली. मुक्ता डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "आजीला ओळखू येतील ना? ते म्हातारे झाले होते."

मी म्हणाले, आवाजावरून ओळखेल.

तिला ते पटलं. आम्ही बाहेर आलो, ओले पाय वाळूत बुडवत वर चढलो आणि तिथं सावलीला बसून सगळ्यांनी दशम्या खाल्ल्या.